तिखटाच्या दिवसाचा पाहुणा

आमच्या गावात मुलाण्याने सुरी फिरवल्याशिवाय मटण शिजत नसे. पुण्याला येईपर्यंत यात काही सांगण्यासारखं आहे असं मला वाटलंच नव्हतं. कोंबडं असो की बकरं, मुलाणीकाका दारात यायचे, डोक्याला रुमाल गुंडाळायचे, तोंडातल्या तोंडात दोन शब्द म्हणायचे आणि मग सुरी चालायची. त्यांच्या हातून न झालेल्या मटणाला माझी आई मुरदाड म्हणायची, म्हणजे मेलेल्या जनावराचं. एकदा वडिलांनी रानात कोल्ह्याच्या तोंडातून कोंबडी सोडवली आणि तिथल्या तिथे कापून घरी आणली. आईने ती चुलीजवळ येऊ दिली नाही.

"मुलाणीभावजींनी केली का?"

"रानात कुटला आलाय मुलाणी?"

"मग रानातच खावा जावा."

आणि वडिलांनी खरोखरच ओढ्याच्या काठी तीन दगड मांडून ती भाजून खाल्ली. गाव बरेच दिवस त्यांना हसत होतं.

आम्ही मुळशीच्या धरणाच्या वरच्या अंगाचे, भातशेतीवाले. मुलाणीकाकांचं मूळ गाव धरणात गेलं, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. तिथली माणसं वाट फुटेल तिकडे गेली. कुणी पुण्याकडे आली, कुणी घाट उतरून कोकणात गेली. मुलाणीकाकांच्या वडिलांना आमच्या गावाने ठेवून घेतलं, कारण आमच्याकडे मुलाणी नव्हता आणि दरवेळी लांबून बोलवावा लागे. वाघजाईच्या देवळापुढे त्यांना नारळ दिला आणि गावची मुलाणकी दिली. जमीन दिली नाही, कारण द्यायला कुणाकडेच जास्तीची नव्हती. सुगीला प्रत्येक खळ्यावरून थोडं भात, आणि जत्रेत तिखटाच्या, म्हणजे मटणाच्या, दिवशी देवीच्या बकऱ्यावर पहिली सुरी, एवढा त्यांचा हक्क. गावात दुसरं मुसलमानाचं घर नव्हतं. आमच्यासारखीच त्यांची भाषा, काकूंचं आमच्या आईसारखंच नऊवारी लुगडं. ती सुरी हातात होती म्हणून ते घर गावाचं होतं. मला हे आज लिहिता येतं. तेव्हा ते कळायला हवं होतं.

गावातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सुटीत आलो की चावडीवर बसलेली माणसं "आलं का कालेज?" म्हणून हाक मारत. थट्टाच असायची, पण तिच्यात आणखीही काही असायचं. कुणाच्या म्हशीला आजार झाला तरी मला विचारत. मी तर्कशास्त्र शिकत होतो. मला म्हशीचं काय कळणार? पण "कळत नाही" म्हणायची लाज वाटायची, म्हणून काहीतरी पुटपुटायचो, आणि ते माझं पुटपुटणं दुसऱ्या दिवशी गावभर झालेलं असायचं. आपल्या शब्दाला इतकं वजन आहे याचा मला मनातून थोडा आनंदही व्हायचा. हे कबूल केलेलं बरं.

पुण्याला वसतिगृहात पहिल्या वर्षी मेसच्या पाटावर बसून मी एकदा आईच्या त्या कोंबडीची गोष्ट सांगितली. लोक हसतील असं वाटलं होतं. हसले कुणीच नाहीत. पुण्यातलाच एक जण, शांत आणि सभ्य मुलगा, आमटीचा भुरका घेऊन म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे मुसलमानाने मंत्र घातल्याशिवाय चालत नाही? कमाल आहे." तो अगदी साधेपणाने म्हणाला. त्याच्या वाड्यात मुसलमान यायचा तो फक्त पिंजारी, आणि तोही अंगणापर्यंत. त्याला कुणाचा राग नव्हता, कुणाशी ओळखही नव्हती. खरं म्हणजे त्याच्या घरच्यांनी मला तरी अंगणाच्या पुढे घेतलं असतं का, याची खात्री नाही. पण त्या दिवसापासून ही गोष्ट चारचौघांत सांगायची नाही हे मी शिकलो.

माझ्या खोलीतला सोबती मराठवाड्यातला. त्याचा मुलूख नुकताच आपल्या राज्यात आला होता, आणि तो स्वतः पुण्यात माझ्याइतकाच बिचकलेला. आम्ही दोघे एकमेकांच्या आधाराने राहिलो. त्याचं उर्दू सुरेख होतं, कारण त्याची शाळा त्याच भाषेत झालेली. मला गंमत वाटायची. आमच्या मुलाणीकाकांना उर्दूचं अक्षर येत नव्हतं आणि हा जानवं घातलेला मुलगा चिठ्ठीसुद्धा उजवीकडून डावीकडे लिहायचा. मेसमधल्या त्या दिवशी तोही शेजारी बसला होता. गोष्ट ऐकून तो नुसता ताटावरून उठला.

दुसऱ्या वर्षी चैत्रात मी त्याला जत्रेला घेऊन गेलो. एसटीने पौडपर्यंत, पुढे पायी. वाटेत करवंदीखाली बसलो असताना तो म्हणाला,

"एक सांगू का? राग मानू नकोस. मी तिथलं मटण खाणार नाही."

मला वाटलं घरचं सोवळं आडवं येतंय. पण वसतिगृहात तो चोरून खायचा हे मला ठाऊक होतं.

"तुमच्याकडे तो माणूस कापतो ना? तू सांगितलं होतंस. माझ्याने नाही खाववणार."

मग त्याने सांगितलं. निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षी त्याच्या चुलत्याला घरातून ओढून नेऊन गावच्या वेशीत मारलं. मारणारे बाहेरून आले होते, पण घर दाखवायला गावातलाच मुलाणी पुढे होता. त्यानेच आदल्या दिवाळीला यांच्या कुळांच्या घरी बकरं कापलं होतं. पुढे फौजा आल्या, राज्य बदललं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मग आमच्याही लोकांनी काही शिल्लक ठेवलं नाही. त्या मुलाण्याची विहीर अजून तशीच आहे. तिचं पाणी कुणी काढत नाही." का, हे मी विचारलं नाही.

मी अवघडून गेलो. तो पुढे चटकन म्हणाला, "मी आमटीभात खाईन. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे हे त्याला कसं कळणार? आमच्याकडे जत्रेत पहिला दिवस पुरणपोळीचा, दुसरा तिखटाचा. तिखटाच्या दिवशी घरी आलेल्या पाहुण्याने आमटीभात खाऊन जायचं म्हणजे त्या घराने तोंड दाखवायचं नाही. आणि हा तर माझा पाहुणा, कॉलेजातला, गावात आलेला पहिला. घरी पोचेपर्यंत मी मनाशी ठरवून टाकलं होतं. देवीचं बकरं देवीचं, तिथे मुलाणीकाका असतीलच. पण आमच्या घरचं बकरं या वर्षी दुसऱ्या कुणी कापलं तर काय बिघडणार होतं? एका वर्षाचा तर प्रश्न.

वडिलांना सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. "पाव्हन्याला चालत न्हाई?"

"शहराकडं आता असं चालत नाही," मी म्हणालो.

हे मी का म्हणालो हे मला अजून सांगता येत नाही. पाहुण्याच्या घरचं दुःख चारचौघांत उघडं करायचं नव्हतं, हे एक. आणि मेसमधलं ते "कमाल आहे"ही असेल. वडिलांनी वाद घातला नाही. कॉलेज म्हणतंय म्हटल्यावर ते गप्प बसले. फक्त म्हणाले, "मुलान्याला तूच सांग. माझ्या तोंडून जायचं न्हाई."

मुलाणीकाका पडवीत दगडावर सुरी घासत बसले होते. मला बघून काकूंना म्हणाले, "ए, चा टाक गं. कालेज आलंय."

मी उभ्यानेच सांगितलं, चुलत्याची गोष्टही सांगितली, कारण त्यांना तरी खरं कारण कळावं असं वाटलं. ते ऐकताना त्यांचा हात थांबला.

"वेशीत मारला?"

"होय."

"आन मुलानी म्होरं व्हता?"

"तो तसं म्हणतो."

त्यांनी सुरीची धार अंगठ्याने बघितली. मग म्हणाले, "आसंल बाबा. आपन काय बगितलं न्हाई. पाव्हन्याला घास ग्वाड लागाय पायजे. ह्या साली न्हाई येत मी तुमच्याकडं." आणि मी वळलो तेव्हा, "आरं, चा तरी घे. चा बी चालत न्हाई का आता?"

मी चहा घेतला. काकू आत होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत.

घरचं बकरं माझ्या चुलतभावाने कापलं. तो तालमीतला, अंगाने दांडगा, पण त्याने कधी हे केलेलं नव्हतं. कोयत्याचे तीन घाव घालावे लागले. मी घरामागे जाऊन उभा राहिलो. आईने मसाला वाटून दिला, भाकऱ्या थापल्या, सगळ्यांना वाढलं आणि स्वतः ताकभात घेऊन बसली. पाहुण्याच्या ते लक्षात आलं.

"आई का खात नाहीत?"

चुलतभाऊ हसत म्हणाला, "काकीला मुरदाड चालत न्हाई. आन तुमाला मुलानी चालत न्हाई. मदल्या मदी आमची मजा हाय."

माझ्या मित्राने घास खाली ठेवला. मला बाहेर बोलावून म्हणाला, "तू त्यांना येऊ नका म्हणून सांगितलंस? मी तुला आमटीभात म्हटलं होतं." तो सकाळी परत पुण्याला जायला निघाला. जाताना त्याने मुलाणीकाकांचं घर कुठलं म्हणून विचारलं. मी दाखवलं. तो लांबून थोडा वेळ बघत उभा राहिला आणि पुढे गेला. त्याला आत जाववलं नाही, आणि मीही त्याला चल म्हटलं नाही.

पुढचं वर्षभर मी अभ्यासात होतो. गावाकडून पत्र लिहील असं कुणी नव्हतं. चैत्रात गेलो तेव्हा जत्रेआधीची बैठक देवळापुढे भरली होती. माझा चुलतभाऊ आणि तालमीतली पोरं पुढे बसलेली. ठरलं असं, की या वर्षीपासून देवीचं बकरंही पोरांनीच कापायचं. मुलाण्याचं काम नाही.

"का पन?" एका म्हाताऱ्याने विचारलं. "त्याच्या बापापास्नं चालत आलंय."

चुलतभाऊ म्हणाला, "नाना, शिकल्याली लोकं आता आसं करत न्हाईत. इचारा कालेजला. त्येच्या घरी गेल्या सालीच बंद झालं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलाणीकाका देवळाच्या पायरीखाली, नेहमीच्या जागी बसले होते. त्यांनीही पाहिलं.

मी उठलो. मी म्हणालो, की मी तसं म्हणालो नव्हतो.

"मग काय म्हनला व्हतास? चालत न्हाई म्हनला व्हतास का न्हाई?"

"म्हणालो होतो. पण ते पाहुण्यापुरतं होतं."

"पाव्हन्याला काय झालं व्हतं?"

आता तरी खरं सांगावं असं मला वाटलं. खरं सांगितलं की गावाला कळेल, हा एका माणसाच्या दुःखाचा प्रश्न होता, आपल्या गावाचा त्याच्याशी काही संबंध नाही. अडखळत, मागचं पुढे करत मी सगळं सांगून टाकलं. निजाम, वेस, चुलता, घर दाखवणारा मुलाणी. लोक लक्ष देऊन ऐकत होते. माझं बोलणं कुणी इतकं लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं. आमच्या गावाने असं काही कधी ऐकलेलंच नव्हतं. आमच्याकडे मुसलमान म्हणजे पडवीत सुरी घासणारे एक मुलाणीकाका.

मी खाली बसलो तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, "घरात बकरं कापून गेला, आन मग घर दावलं. बगा की."

दुसरा म्हणाला, "तिकडं आसं हाय तर."

"तिकडं," मी म्हणालो, "तिकडं. इथं नाही."

"आरं, पन हाय तर त्योच ना धरम?"

ज्या म्हाताऱ्याने का म्हणून विचारलं होतं, तोही आता मान खाली घालून बसला. चुलतभावाने माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या बोलण्याने त्याचं काम सोपं झालं होतं. त्या क्षणी मला नीट दिसलं, की दोनशे मैलांवरची ती वेस मीच गावात आणून उभी केली होती. मित्राने ती मला करवंदीखाली विश्वासाने दाखवली होती, आणि मी ती पाठीवर वाहून आणली.

मुलाणीकाका उठले. मोठ्या आवाजात नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पंचानु, माज्या बापाला नारळ हितंच दिला व्हता. परत घ्यायचा आसला तर हितंच घ्यावा. मागनं नगं."

नारळ परत घ्यायची रीतच कुणाला ठाऊक नव्हती. थोडा वेळ थांबून ते घरी गेले.

त्या वर्षी देवीच्या बकऱ्यावर चुलतभावाने कोयता चालवला. सुगीला काही खळ्यांवरून त्यांना भात मिळालं, काहींवरून नाही. नाही म्हणणाऱ्यांनी भांडण केलं नाही. सुरीच नाही तर भात कशाचं, एवढंच ते म्हणाले. आमच्या खळ्यावरून वडिलांनी दिलं. मुलाणीकाकांनी ते घेतलं नाही. "कामाबिगर कशाला?" म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी घराची कौलं उतरवून विकली आणि काकूंना घेऊन पुण्याला, लष्कर भागात, कुणा लांबच्या नातलगाकडे गेले. गावाने त्यांना जा म्हटलं नाही, राहाही म्हटलं नाही. आई त्यांना ओढ्यापर्यंत पोचवायला गेली होती. माझी परीक्षा चालू होती.

पत्ता मिळवायला मला पावसाळा उजाडला. लष्करात मटणाच्या दुकानांच्या मागच्या बोळात ते भेटले. दुकानाची फरशी धूत होते. मला वाटलं होतं, इथे त्यांचे लोक आहेत, सुरीला काम मिळालं असेल. तसं झालं नव्हतं. दुकानदाराने पहिल्या दिवशी त्यांना दोन शब्द म्हणून दाखवायला सांगितले, आणि ते ऐकून दुकानातले सगळे हसले.

"म्हनत्यात, तुमचा उच्चार देवळातल्यावानी हाय," काका म्हणाले. "तुज्या काकूला म्हनत्यात, लुगडं नेसायचं सोड. ती सोडंना. म्हनून भाईर जात न्हाई." ते स्वतःही थोडं हसले. "गावाकडं मी मुसलमान व्हतो. हितं मराठा झालोय."

मी माफी मागायला गेलो होतो. वाटेत वाक्यं जुळवली होती. ती सोडून दिली. मग मी सरळ म्हणालो, "काका, हे माझ्यामुळं झालं."

ते फरशीवर पाणी ओतत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुजा त्यो दोस्त पास झाला का?"

"झाला."

"बरं झालं. त्याचं मी कायबी मनात धरलं न्हाई. त्याच्या घरचं मानूस मारलं व्हतं. भ्यालंच पायजे त्यानं." त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "पन बाळ, तुमच्या घरचं मी कोन मारलं व्हतं?"

आतून कुणीतरी त्यांना हाक मारली, "ए मुलानी" म्हणून. ते घाईने आत गेले. मी बोळात उभा राहिलो. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. दुकानात गिऱ्हाईक वाढलं आणि माझ्यामुळे वाट अडायला लागली, तसा मी निघालो.

त्यानंतर दोनदा गेलो. पहिल्यांदा ते कामावर नव्हते. दुसऱ्यांदा दुकानदाराने सांगितलं, तो म्हातारा सोडून गेला, कुठे ते त्याला माहीत नाही. माझा मित्र आता त्याच्या गावी शिक्षक आहे. त्याला मी यातलं काही कळवलेलं नाही. गावातली माणसं अजूनही मला म्हशीबद्दल विचारतात. मी त्यांना सांगतो की मला कळत नाही. मी लपवतोय असं त्यांना वाटतं.

आई अजून तिखटाच्या दिवशी ताकभात खाते. मागच्या चैत्रात तिने मला विचारलं, "मुलानीभावजींचा पत्त्या लागला का रं?" मी नाही म्हणालो. ती सगळ्यांना वाढत राहिली.